आधी खुर्ची, मग स्पीकर

पत्र:

"मी मुलाखती, शैक्षणिक व्हिडिओ आणि छोटे माहितीपट एडिट करतो. आतापर्यंत आवाजाचं सगळं काम हेडफोनवरच केलं. मागच्या दोन कामांत एकच तक्रार आली: टीव्हीवर लावलं की संगीत बोलण्यावर चढतं आणि निवेदकाचा आवाज 'पातळ' वाटतो. मला तर हेडफोनमध्ये शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो! आता स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे स्टुडिओत आवाज तपासायला वापरतात ते स्पीकर, घ्यायचं ठरवलंय. खोली दहा बाय बारा फुटांची, टेबल कोपऱ्यात, त्यावर दोन स्क्रीन. संगीत करणारा एक मित्र म्हणतो, घ्यायचेच तर आठ इंची घे, पाच इंचीत बेस येत नाही. सोबत फक्त बेससाठी वेगळा सबवूफर घ्यावा का? की सध्या ब्लूटूथ स्पीकरवर भागवू? आणि सगळे 'फ्लॅट, फ्लॅट' म्हणतात ते नेमकं काय असतं?
— हेडफोनला कंटाळलेला एडिटर"

उत्तर:

मित्राचं ऐकू नका. निदान या बाबतीत तरी. तो संगीत करतो, त्याच्या कामाचा पाया खालच्या सुरांत असतो. तुम्ही बोलणारी माणसं दाखवता. पाच इंची घ्या, सबवूफर नको, आणि ब्लूटूथचं तर नावही काढू नका. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी माझी हरकत नाही. पण 'टेबल कोपऱ्यात' हे तुमचे दोन शब्द वाचून मी दचकलो. चांगले स्पीकर आणून तिथेच ठेवलेत तर तक्रार तीच राहील, फक्त ती सोडवायला खिशात काही उरलेलं नसेल.

आधी हेडफोनचं बोलू. तुम्हाला शब्द स्वच्छ ऐकू येत होते हे खरंच आहे आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. हेडफोनमध्ये डावा आवाज फक्त डाव्या कानात जातो, उजवा फक्त उजव्या. संगीत दोन्ही बाजूंना पसरतं आणि बोलणं डोक्याच्या मधोमध एकटं उभं राहतं. मेंदूला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या जागांवरून येताना ऐकू येतात, म्हणून संगीत बरंच मोठं असलं तरी शब्द निसटत नाहीत. टीव्हीवर किंवा फोनवर ही चैन नाही. तिथे बोलणं आणि संगीत एकाच लहानशा स्पीकरमधून, एकाच दिशेने येतं, वर त्यात खोलीचा घुमारा मिसळतो. तुम्ही 'जरासं मागे' ठेवलेलं संगीत तिथे निवेदकाच्या मांडीवर येऊन बसतं.

आवाज पातळ होण्याबद्दल माझा एक अंदाज आहे. पुष्कळ हेडफोनचा बेस मुळातच थोडा चढवलेला असतो. त्यात निवेदकाचा आवाज तुम्हाला जड, घोगरा वाटला असणार, म्हणून तुम्ही त्याचा खालचा भाग कापलात. हेडफोनवर बरोबर झालं. हेडफोन काढल्यावर मात्र तो कापलेला भाग कुठूनच परत आला नाही.

म्हणून हेडफोन टाकून देऊ नका. कट जिथे जुळतो तिथली 'टिक', कॉलर माइकला शर्ट घासल्याची खसखस, दोन वाक्यांच्या मधे कापला गेलेला श्वास, हे सगळं शोधायला हेडफोनसारखं दुसरं काही नाही. पण कोण किती मोठं असावं हे हेडफोनवर ठरवू नका.

आता पाच की आठ. हे इंच वूफरचे, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) मधे असतो, स्त्रीचा १६५ ते २५५ च्या. आवाजाचा भरदारपणा इथे राहतो. अर्थ मात्र वर राहतो, साधारण एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. जुनी टेलिफोन लाइन ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच वाहून न्यायची, तरी लोक तासन् तास बोलायचे आणि सगळं समजायचं. आपल्या भाषेत तर हा वरचा पट्टा आणखी महत्त्वाचा. 'पाट' आणि 'पाठ', 'कडा' आणि 'खडा' यांत फरक काय? एक हवेचा झोत. तो झोत व्हायोलिनच्या सुराखाली दबला की निवेदक काय म्हणाला ते प्रेक्षकाला मागच्या-पुढच्या वाक्यावरून ओळखावं लागतं. दोन मिनिटं तो ओळखतो. पाचव्या मिनिटाला कंटाळतो, आणि का कंटाळला हे त्यालाही सांगता येत नाही.

तेव्हा तुम्हाला असा स्पीकर हवा जो ८० हर्ट्झपासून वर खोटं बोलत नाही. चांगला पाच इंची हे करतो. कागदावरचे आकडे वाचताना एक काळजी घ्या. यामाहाचा एचएस५ बघा. कंपनी त्याची मर्यादा दोन तऱ्हांनी देते: आवाज १० डेसिबलने पडेपर्यंत मोजलं तर ५४ हर्ट्झ, ३ डेसिबलने पडेपर्यंत मोजलं तर ७४ हर्ट्झ. स्पीकर तोच, आकडे दोन. कंपनीने दोन्ही छापले हा तिचा प्रामाणिकपणा. जिथे नुसतंच '४५ हर्ट्झपासून' लिहिलंय आणि किती डेसिबलला ते लिहिलेलं नाही, तिथे तो आकडा वाचायची तसदी घेऊ नका. त्याच घरातला आठ इंची एचएस८ तीन डेसिबलच्या मापाने ४७ हर्ट्झपर्यंत उतरतो. म्हणजे मित्र खोटं बोलत नाही, आठ इंचीत बेस जास्त येतोच. प्रश्न हा की ४७ ते ७४ च्या मधे तुमच्या टाइमलाइनवर असतं काय? बहुतेक वेळा माइकच्या दांड्याची धडधड, रस्त्यावरची रहदारी, पंख्याची घरघर. हा सगळा भाग तुम्ही फिल्टर लावून काढूनच टाकणार आहात.

आठ इंचीची आणखी एक अडचण कुणी सांगत नाही. दोन हजार हर्ट्झच्या आवाजाची लाट सतरा सेंटिमीटरची. आठ इंची वूफर वीस सेंटिमीटरचा. लाटेपेक्षा पडदा मोठा झाला की आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोरच जातो, बाजूला पसरत नाही. नेमक्या याच टापूत बहुतेक दोन-पडदी स्पीकरमध्ये वूफर आपलं काम ट्वीटरकडे, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याकडे सोपवतो. मीटरभर अंतरावर बसून तुम्ही माउसकडे जरा झुकलात तरी माणसाच्या आवाजाचा रंग बदलू शकतो. मोठ्या खोलीत, लांब बसून, आठ इंची सुरेख वाजतात. तुमच्या टेबलावर नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, ठेच लागून सांगतोय. सुरुवातीच्या काळात मीही आठ इंची जोडी आणली होती. खोली तुमच्यासारखीच, बारा फूट लांब. ऐसपैस वाटावं म्हणून खुर्ची अगदी मधोमध ठेवली. एका माहितीपटात कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज होता. मला तो काही केल्या पुरेसा दमदार वाटेना, म्हणून खालचा भाग वाढवत गेलो. आणखी थोडा, आणखी थोडा. पहिल्या जाहीर खेळाला सभागृहातल्या खुर्च्या थरथरल्या आणि ज्या कामगाराची मुलाखत होती त्याचं एक वाक्य कुणाला कळलं नाही. मी मागच्या रांगेत बसून बुटांकडे बघत होतो.

स्पीकरची त्यात काहीच चूक नव्हती. बारा फूट म्हणजे सुमारे ३.६६ मीटर. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो. त्याला लांबीच्या दुपटीने भागा, ४७ हर्ट्झ येतात. या सुराची लाट दोन भिंतींच्या मधे बरोबर अडकते: भिंतींजवळ जोरात ऐकू येते आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ गायब होते. मी त्या गायब होण्याच्या जागी खुर्ची टाकून बसलो होतो. तिथे कितीही बेस वाढवला तरी कानाला पुरेसा वाटणार नव्हता. 'नाचता येईना अंगण वाकडं' हे आपण दुसऱ्याला हिणवायला म्हणतो. या धंद्यात मात्र अंगण खरंच वाकडं असतं, आणि आधी तेच बघावं लागतं.

म्हणून स्पीकर आणायच्या आधी एक दिवस फर्निचर हलवा. टेबल कोपऱ्यातून काढा. कोपऱ्यात भिंतीजवळच्या स्पीकरचा बेस फुगतो, दुसऱ्याचा फुगत नाही, आणि मधोमध असलेला निवेदक एका बाजूला झुकल्यासारखा वाटतो. दहा फुटांच्या भिंतीचा मध्य काढा आणि टेबल तिथे लावा, म्हणजे तुमच्यासमोर दहा फुटांची भिंत आणि पाठीमागे खोलीची लांबी. कान समोरच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर यावेत. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसावं असा एक ठोकताळा आहे. तो काही वेद नव्हे, पण सुरुवातीला चांगला. अर्ध्यावर आणि मागच्या भिंतीला टेकून, या दोन जागा तेवढ्या सोडा.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करायचा. तुमच्या जागेत एक बाजू पावणेचार फुटांच्या आसपास बसेल. ट्वीटर कानाच्या उंचीवर. स्पीकर टेबलावर आडवे झोपवू नका. टेबलाच्या पृष्ठभागावर तसेच ठेवले तर ते तुमच्या छातीशी बोलतात आणि टेबलावरून उडालेला आवाज मूळ आवाजात मिसळून त्याला डब्यातल्यासारखं करतो. स्टँड मिळाले तर उत्तम, नाहीतर खाली काहीतरी घट्ट ठेवून उचला आणि जरा वर कलते करा.

आता दोन स्क्रीन. हे दुखणं खास आपल्या एडिटर मंडळींचं. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या की स्पीकर एकमेकांपासून लांब जातात किंवा स्क्रीनच्या मागे लपतात, आणि तुम्ही सतत एका बाजूला मान वळवून बसता. दोन स्पीकरमधून सारखाच आवाज आला की तो मधून आल्याचा भास होतो. तुमच्या मुलाखतींमधलं सगळं बोलणं या भासावर उभं आहे. एक वीतभर बाजूला सरकलात की भास सरकतो. म्हणून ज्या स्क्रीनवर चित्र बघता ती बरोबर मधोमध हवी. क्लिपांची यादी दाखवणारी दुसरी स्क्रीन खाली घ्या, त्रिकोणाच्या बाहेर न्या, कुठेही न्या. आणि स्पीकरचं तोंड स्क्रीनच्या कडेपेक्षा थोडं पुढे असू द्या.

भिंतीपासून किती लांब? इथे तुम्हाला हमखास उलटा सल्ला मिळेल: 'भिंतीपासून मीटरभर पुढे ओढ.' मोठ्या खोलीत ठीक. तुमच्याकडे नाही. स्पीकरमधून खालचा आवाज मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठरावीक सुराला मूळ आवाज खोडून टाकतो. तो सूर काढायचा तर ३४३ ला भिंतीच्या अंतराच्या चौपटीने भागायचं. एक मीटर अंतर ठेवलं तर खड्डा ८६ हर्ट्झला, साठ सेंटिमीटर ठेवलं तर १४३ ला. वर लिहिलेला पुरुषाचा मूळ सूर आठवा: दोन्ही खड्डे थेट त्याच्या घशात. त्याऐवजी स्पीकर भिंतीजवळ सरकवा, इतके की पुढच्या तोंडापासून भिंत तीस-पस्तीस सेंटिमीटरवर राहील. खड्डा अडीचशे हर्ट्झच्या आसपास किंवा वर सरकतो, तिथे तो उथळही असतो आणि मागे जाड शोषक लावून बराचसा भरता येतो. जवळच्या भिंतीमुळे बेस सहा डेसिबलपर्यंत चढू शकतो. त्यासाठीच स्पीकरच्या पाठीवर बेस कमी करायची बटणं दिलेली असतात. ती शोभेची नाहीत. मागच्या बाजूला हवेचं भोक असलेला स्पीकरही चालतो, भोकाच्या मागे चार बोटं मोकळी ठेवली म्हणजे झालं.

खोलीत आणखी काय? दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पहिला उडणारा आवाज अडवा. जागा शोधायला कुणाला तरी भिंतीला लावून आरसा सरकवायला सांगा. खुर्चीत बसून जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथे शोषक हवं. लाकडी चौकटीत चार इंच जाडीचा रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), वर हवा जाईल असं कापड, एवढं घरी करता येतं. पातळ फोमच्या चकत्या दिसतात देखण्या, पण त्या फक्त वरचे सूर खातात आणि खालचा घुमारा होता तसाच ठेवतात, त्यामुळे खोली आणखी कोंदट वाजते. अंड्यांचे ट्रे हा तर विनोदच आहे. एखाद्या कोपऱ्यात पुस्तकांनी भरलेलं कपाट असेल तर राहू द्या.

रूम ईक्यू विझार्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर आणि मोजमापाचा साधा माइक मिळाला तर खोलीचा आलेख काढता येतो. काढा, पण तो बघून घाबरू नका. छोट्या खोल्यांचे आलेख सह्याद्रीच्या रांगेसारखेच दिसतात. डोंगर ईक्यूने, म्हणजे निवडक सूर कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरने, कापता येतात. दऱ्या भरता येत नाहीत, कारण तुम्ही आवाज वाढवलात की त्याला खोडणारा परतीचा आवाजही तेवढाच वाढतो.

आता तुमचं 'फ्लॅट'. याचा अर्थ एवढाच, की स्पीकर आपल्या मनाने कुठला सूर वाढवत किंवा घटवत नाही. पण तो आलेख प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत काढलेला असतो, तुमच्या टेबलावर नाही. त्यात समोरचा आलेख ही अर्धीच गोष्ट. बाजूला जाणारा आवाज भिंतींवरून परत तुमच्याकडेच येतो, म्हणून तोही गुळगुळीत उतरता हवा. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मन या ऑडिओ कंपनीत ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं: डोळ्यांआड स्पीकर वाजवून लोकांना विचारलं, तर पसंती पुन्हापुन्हा त्याच स्पीकरना मिळाली जे समोरून सपाट आणि बाजूने गुळगुळीत होते. तेव्हा एखाद्या मॉडेलच्या चाचण्या वाचताना बाजूचे आलेख दिले आहेत का बघा.

गंमत अशी की या व्यवसायातला सगळ्यात प्रसिद्ध स्पीकर मुळीच सपाट नव्हता. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून आला. बेस कमी, मधला भाग पुढे आलेला, ट्वीटर इतका बोचरा की ध्वनिमुद्रक त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे. २००१ मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत जगभरच्या स्टुडिओंमध्ये त्याचे पांढरे पडदे दिसायचे. आनंदासाठी तो कुणी ऐकत नसे. पण बंद पेटीमुळे त्याचा खालचा आवाज चटकन थांबायचा, लांबत नसे, आणि मधल्या भागातली प्रत्येक चूक तो तोंडावर फेकायचा. तुम्ही आज एनएस-१० शोधत फिरू नका, जुन्या जोड्यांचे भाव भक्तांनी चढवून ठेवलेत. पण स्पीकर कशासाठी घेतोय हे विसरायला झालं की तो बोचरा ट्वीटर आठवा.

मॉडेल सांगा म्हणाल. एचएस५, जेबीएलचा ३०५पी, ॲडमचा टी५व्ही, यांच्यापैकी कुठलाही तुमचं काम करेल. मला स्वतःला बोलण्यासाठी एचएस५ आवडतो, थोडा कोरडा आहे म्हणूनच. हात आणखी सैल सोडता येत असेल तर जेनेलेकचा ८०३० किंवा न्यूमनचा केएच १२०. यांवर थकवा कमी येतो आणि पुढची बरीच वर्षं बदलावंसं वाटत नाही. पण पैसे मर्यादित असतील तर स्वस्तातली जोडी आणि चार रॉकवूलच्या चौकटी, ही वाटणी महागड्या जोडी आणि उघड्या भिंतींपेक्षा केव्हाही सरस.

ऐकायला जाल तेव्हा गाणी नेऊ नका. विक्रेते सुंदर गाणी लावतात आणि सुंदर गाणी सगळ्यावरच सुंदर वाजतात. तुम्ही न साफ केलेली मुलाखत न्या: एक पुरुष, एक स्त्री, मागे पंखा. शिवाय तक्रार आलेला तो तयार व्हिडिओ न्या. आवाज बोलण्याइतकाच ठेवा. ज्या स्पीकरवर पंख्याचा आवाज कटपाशी बदललेला कळतो, 'स'ची शिट्टी टोचते आणि संगीत चढल्याचं लगेच लक्षात येतं, तो घ्या. ज्यावर तुमचं काम छान वाटतं तो दुकानातच राहू द्या. मग सगळं बंद करून, नुसता चालू ठेवलेला स्पीकर कान जवळ नेऊन ऐका. थोडी सुस्स सगळ्यांनाच असते. हातभर अंतरावरून ती ऐकू येत असेल तर शांत रात्री तुमचा जीव खाईल.

वॉटचे आकडे सोडून द्या. ताकद दुप्पट केली तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, आणि मीटरभर अंतरावर तुम्हाला त्या ताकदीची गरजच नाही. जोडणी मात्र नीट करा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून तार काढली तर चार्जर लावताच घूं सुरू होतो. छोटा ऑडिओ इंटरफेस (कॉम्प्युटर आणि स्पीकर यांच्या मधला डबा) आणि बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतला गोंगाट खोडणारी केबल घेतली की हा त्रास बहुधा संपतो.

ब्लूटूथवर मी एवढा का चिडतो ते सांगतो. त्यात आवाज बऱ्याचदा शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे हा अडीच ते पाच फ्रेमचा उशीर झाला. काही प्लेअर चित्रही तेवढंच थांबवून घेतात, पण एडिटिंगच्या टाइमलाइनवर त्याचा भरवसा नाही. तुम्हाला ओठ आणि शब्द जुळत नाहीत असं वाटतं, तुम्ही आवाज चित्राच्या आधी सरकवता, तुमच्याकडे जुळतो. प्रेक्षकाकडे आता शब्द ओठांच्या आधी येतात. नेमका हाच प्रकार माणसाला सहन होत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत दिलंय की आवाज सव्वाशे मिलिसेकंद मागे राहिला तर लक्षात येऊ लागतो, पण आधी आला तर पंचेचाळीसलाच. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, हे आपण जन्मभर बघतो. उलटं कधी बघितलेलंच नाही.

स्पीकर बसले की आवाजाची एक पातळी ठरवून टाका. आपला कान हळू आवाजात खालचे आणि वरचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले. म्हणून सकाळी मोठ्याने आणि रात्री हळू काम केलं की दोन्ही मिक्स वेगळे होतात. उणे २० डेसिबलचा पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला चाचणीचा सळसळाट) एकेका स्पीकरमधून वाजवा आणि खुर्चीत डोक्याच्या जागी आवाज मोजा. सिनेमाच्या मोठ्या दालनात ८५ डेसिबल धरतात; तुमच्या खोलीत ७६ च्या आसपास पुरे. मोजायला फोनवरचं ॲप चालेल. बटणाच्या त्या जागेवर टेपचा तुकडा लावा आणि बोलण्याचे निर्णय नेहमी तिथेच घ्या. आठवड्याभरात हात आपोआप निवेदकाला बरोबर पातळीवर ठेवू लागतो. लाउडनेसचा मीटर लावाच, युरोपातल्या प्रसारणाचा उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) असो की यूट्यूबचा सुमारे उणे १४, पण एक लक्षात असू द्या: तो मीटर एकूण आवाज किती मोठा ते सांगतो. 'पाठ' ऐकू आलं की 'पाट' हे त्याला कळत नाही.

सबवूफरबद्दल फार लिहीत नाही. शोषक नसलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत तो ४७ आणि ५६ हर्ट्झच्या दोन सुरांवर घुमत बसेल. पंख्याची घरघर आणि माइकची धडधड डोळ्यांनी बघता येते; स्पेक्ट्रमचा आलेख उघडा ठेवा. सिनेमागृहासाठी काम आलंच, तर शेवटचे दोन दिवस नीट खोली असलेला स्टुडिओ भाड्याने घ्या.

त्याऐवजी एक वाईट स्पीकर जवळ ठेवा. पूर्वी स्टुडिओंमध्ये ऑराटोन नावाचे चौकोनी खोके असत, एकच छोटा पडदा, ना बेस ना झगमगाट. तुमच्याकडे फोन आहे, जुना टीव्ही असेल. डावं-उजवं एकत्र करून, मोनोमध्ये, अगदी हळू आवाजात ऐका. दार उघडं ठेवून शेजारच्या खोलीत जा आणि तिथून ऐका. शब्द कळतात? मग संगीत ठीक आहे. नुसती धून कळते? मग दोन-तीन डेसिबल खाली घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे संगीताच्या दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यातून थोडं कोरून काढा, म्हणजे शब्दांना जागा होते आणि संगीत मेल्यासारखंही वाटत नाही.

नवे स्पीकर लागले की पहिलं काम नवीन घेऊ नका. क्लायंटने परत पाठवलेली ती मुलाखत उघडा, एकही फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) न हलवता सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, आणि जिथे तुमचा हात संगीत खाली करायला आपोआप पुढे सरकेल तिथे मार्कर टाकत जा. क्लायंटच्या तक्रारीतल्या जागा आणि तुमचे मार्कर जुळले तर खुर्ची बरोबर जागी आहे. नाही जुळले तर वीतभर पुढे-मागे सरकवा आणि पुन्हा ऐका.